दवा बाजारातल्या आमच्या पेढीत एआय सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या दवा बाजारात आमची औषधांची स्टॉकिस्ट पेढी आहे आणि तिच्या खरेदी-हिशोब विभागाची जबाबदारी गेली बारा वर्षे माझ्याकडे आहे. जुलै २०२५ मध्ये आमच्या शेठजींनी एक एआय सेवा वार्षिक वर्गणीवर घेतली. खरेदीची बिले वाचून नोंदवणे, साठ्याचा अंदाज देणे आणि मेडिकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप संदेशांवरून ऑर्डर तयार करणे ही तिची तीन कामे. वर्गणी साधारणपणे एका नव्या कारकुनाच्या पाच महिन्यांच्या पगाराइतकी आहे. सेवेचे नाव मी देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांतल्या बहुतेक कोणतीही अशी सेवा घेणाऱ्याच्या वाट्याला येतील. निकाल आधीच सांगते: सेवा उपयोगी आहे, आम्ही ती चालू ठेवणार आहोत, पण ज्या पद्धतीने ती आमच्याकडे आणली गेली त्या पद्धतीने दुसऱ्या कोणी आणू नये.

आमच्या कामाची कल्पना नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. कंपनीच्या सीएफएकडून, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटाकडून, माल येतो तेव्हा त्याबरोबरच्या बिलात तीस-चाळीस ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत औषधाचे नाव, पॅकिंग, बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी, आमचा दर, स्कीम, सूट आणि जीएसटी असे सगळे दाटीने छापलेले असते. अजूनही कित्येक बिले डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात आणि आमच्या हाती त्यांची फिकट कार्बन प्रत पडते. ही ओळ जशीच्या तशी संगणकात उतरवणे हे वरवर पाहता कारकुनी काम असले तरी औषधाच्या धंद्याचा सगळा भरवसा त्यावर उभा असतो, कारण एकाच औषधाच्या दोन बॅचेस या आमच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा हे साऱ्या मध्य प्रदेशाला कळले. त्या औषधाच्या एका बॅचच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले, ते ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये. आपल्या राज्य सरकारने ४ ऑक्टोबरला त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्याकडे तो माल आलेला नव्हता, तरी त्या दोन दिवसांत खेड्यापाड्यांतल्या दुकानदारांचे इतके फोन आले की आम्ही पुरवलेल्या खोकल्याच्या प्रत्येक औषधाची बॅचवार यादी काढावी लागली.

ती यादी या सेवेने काही मिनिटांत काढून दिली, आणि तिच्या गुणांत मी हा पहिला धरते. कोणत्या दुकानाला, कोणत्या तारखेला, कोणत्या बॅचच्या किती बाटल्या गेल्या हे साध्या हिंदीत विचारले आणि उत्तर समोर आले. पूर्वी हेच करायला दोन माणसे संध्याकाळपर्यंत गुंतली असती. दुसरा गुण म्हणजे जीएसटीची जुळणी. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून बनणारे जीएसटीचे विवरण, तयार होते आणि त्यातल्या नोंदी आपल्या खरेदीशी ताडून पाहाव्या लागतात. कोणा पुरवठादाराने बिल उशिरा चढवले, कोणी बिल नंबरातली रेघ गाळली, कोणी पैशांचा पूर्णांक वेगळा केला, अशा शंभर कारणांनी त्या जुळत नाहीत. यात आमचे अडीच दिवस जात. आता अर्धा दिवस जातो आणि न जुळलेल्या नोंदींची कारणेही सेवा बहुधा बरोबर सांगते. लेझर प्रिंटरवरची स्वच्छ बिले तर ती जवळपास निर्दोष वाचते. सहा महिन्यांत ज्यांची मुदत संपणार आहे अशा औषधांची यादी दर सोमवारी सकाळी येते, आणि त्यामुळे माल वेळेत परत करून मुदतबाह्य मालाचे नुकसान आम्ही खरोखरच कमी केले आहे.

आता दोषांकडे येते, आणि पहिल्यावर थोडी रेंगाळते, कारण तो नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही ही सेवा आपल्या माणसांच्या हाती देऊ नये.

पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या एका बिलाची कार्बन प्रत इतकी फिकट होती की एक्सपायरीच्या रकान्यात महिन्याचा आकडा ३ आहे की ८ हे मलाही कळेना. आमच्या विभागात खरेदीचे काम पाहणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात; त्यांची या बाजारात एकतीस वर्षे झाली आहेत. त्यांनी संगणकावर पाहिले तर सेवेने तेथे स्वच्छ ०८/२७ असे लिहिले होते, बाजूला खात्रीचे हिरवे चिन्हही होते. काका उठले, आतून कार्टन काढले, त्यातली एक स्ट्रिप ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. तिच्या कडेला दाबून उमटवलेली अक्षरे सपाट धरली तर दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशातच वाचता येतात. तेथे ०३/२७ होते. ते मला म्हणाले, “ताई, हा आकडा बिलात नाही. हा त्याने आपल्या मनाने लिहिला आहे.”

काकांचे ते वाक्य तांत्रिक दृष्ट्याही अगदी नेमके होते. जुन्या पद्धतीचे अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर जेथे अक्षर लागत नसे तेथे वेडावाकडे चिन्ह टाकत असे किंवा जागा मोकळी सोडत असे, त्यामुळे चूक डोळ्यांत भरत असे. आताच्या भाषा-प्रारूपांवर (लँग्वेज मॉडेलवर) बांधलेल्या सेवा आजूबाजूचा मजकूर पाहून तेथे काय असणे संभवते ते काढतात. त्या कंपनीच्या आधीच्या बिलांत ०८/२७ ची एक्सपायरी आली होती, म्हणून येथेही ती असेल, असा तो हिशोब होता. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो, आणि त्यामुळे तपासणाऱ्याची नजर तेथे थांबत नाही. बॅच नंबरात इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि ८ यांची अदलाबदल याच रीतीने होत होती. वर ज्या बॅचवार यादीचे मी कौतुक केले ती यादीसुद्धा मुळात नोंदवलेल्या बॅचइतकीच खरी असते, हे येथे लक्षात घ्यावे.

स्कीमचा घोळ त्यामानाने लवकर सापडला. दहावर एक फुकट असेल तर बिलात १०+१ असे लिहितात. मधले अधिक चिन्ह फिकट असले की सेवेने ते १०१ वाचले, आणि साठ्यात नव्वद डबे नसताना चढले. रक्कम जुळेना म्हणून ते लगेच लक्षात आले. रकमेवर परिणाम होतो ती चूक आपोआप पकडली जाते; एक्सपायरी आणि बॅच यांचा रकमेशी संबंध नसतो, म्हणून त्यांतली चूक महिनोन् महिने तशीच पडून राहू शकते. सेवा निवडताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की वाचता आले नाही तर तुमची सेवा काय करते.

व्हॉट्सअॅपवरून ऑर्डर घेण्याचा भाग मला सर्वांत अपुरा वाटला. इंदूरचा दुकानदार “भिया, टेल्मी चालीस के पाँच डब्बे डाल देना, कल वाले भी” असे लिहितो किंवा बोलून पाठवतो. यातला “कल वाले” म्हणजे काल मागितलेला पण न आलेला माल, हे आमच्या ऑर्डर घेणाऱ्या मुलाला माहीत असते. टेल्मिसार्टन ४० हे साधे औषध वेगळे, त्याला एच जोडले की त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड येते, एएम जोडले की अॅम्लोडिपिन येते. तिन्ही रक्तदाबाचीच, पण एकाच्या जागी दुसरे जाऊन चालत नाही. कोणता दुकानदार नुसते “टेल्मी” म्हणतो तेव्हा त्याला एच हवे असते, हे आमच्या मुलांना त्या दुकानासमोरचा डॉक्टर काय लिहितो यावरून कळते. सेवा येथे मागच्या तीन ऑर्डरी पाहून निवड करत होती आणि दुकानदाराला न विचारता पुढे जात होती. दोन वेळा माल परत आला. त्यानंतर आम्ही हा भाग केवळ मसुदा करण्यापुरता ठेवला आहे आणि पक्की ऑर्डर माणूस फोन करूनच घेतो. यात वेळ वाचतो असे मी म्हणणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सेवेची खरी परीक्षा झाली. पहिले चार दिवस ती सवयीने १२ टक्केच धरत राहिली. मग सेवेच्या कंपनीने सुधारणा पाठवली, आणि तिने परतीच्या मालालाही ५ टक्के लावायला सुरुवात केली. मूळ विक्री १२ टक्क्यांनी झाली असेल तर तिच्या क्रेडिट नोटवर, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदावर, मूळ दरच यावा लागतो, हे आमच्या कारकुनांना ठाऊक होते, सेवेला सांगावे लागले. कंपनीच्या मदतकेंद्रावरील मुलगा विनयशील होता, परंतु क्रेडिट नोट म्हणजे काय हे त्यालाच आमच्याकडून समजून घ्यावे लागले. ऐन घाईच्या त्या आठवड्यात आमच्या लोकांनी रात्री साडेनऊपर्यंत बसून सगळ्या नोंदी हाताने तपासल्या. मी हे आवर्जून लिहिते, कारण त्याच लोकांना दोन महिन्यांपूर्वी काय ऐकावे लागले होते ते आता सांगायचे आहे.

सेवा सुरू होण्याच्या दिवशी विक्रेत्या कंपनीचा प्रतिनिधी आला आणि त्याने भिंतीवर चित्रे दाखवत सांगितले की तीन माणसांचे काम आता एक माणूस करील. ती तीन माणसे त्याच खोलीत बसली होती. शेठजींना त्यात काही वावगे वाटले नाही, मलाही त्या क्षणी पुरते जाणवले नाही, याचे मला आज वाईट वाटते. कोणी काही बोलले नाही. चहा आला, तो घेतला गेला, सगळे आपापल्या जागी गेले.

काकांचे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये कामाला होते. १२ डिसेंबर १९९१ ला ती मिल बंद झाली, आणि कामगारांच्या थकलेल्या रकमेसाठी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकाच्या, म्हणजे बंद मिलची देणी-घेणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाती पडला तो २५ डिसेंबर २०२३ ला. मधली बत्तीस वर्षे इंदूरच्या किती घरांनी कशी काढली हे येथल्या जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. ज्यांच्या नावाचे पैसे होते त्यांतले कित्येक जण ते घ्यायला उरले नव्हते. काका मला नंतर म्हणाले, “यंत्राची भीती नाही वाटत, ताई. आपलं काय होणार हे आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं, त्याची भीती वाटते.” मिल एखाद्या यंत्रामुळे बंद पडली नव्हती हे त्यांनाही माहीत आहे. परंतु मालकाने आपल्याविषयी ठरवायचे आणि आपण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, ही गोष्ट त्यांना ओळखीची होती.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या विभागात जे घडले त्याला मी विरोध म्हणणार नाही. सगळे जण सेवा वापरत होते. पण काकांनी आपली जुनी वही चालू ठेवली होती आणि सेवेच्या चुका ते त्या वहीत लिहीत होते, मला दाखवत नव्हते. दुसरा कारकून सगळी बिले सेवेतून काढी आणि मग घरी जाण्यापूर्वी तीच बिले पुन्हा हाताने ताडून पाही, म्हणजे त्याचे काम वाढले होते आणि ते कोणाला कळू नये अशी त्याची धडपड होती. तिसरी मुलगी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालेले. तिला सेवा मनापासून आवडली आणि तिने सर्वांत लवकर आत्मसात केली. तिचीच तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ती म्हणाली, “ताई, काकांना चूक दिसते, कारण त्यांनी हजारो बिलं स्वतः लिहिली आहेत. मी लिहिलीच नाहीत, तर मला ती कशी दिसणार?” तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. तपासणीचे काम माणसाकडे राहील असे सगळेच सांगतात. पण तपासणारा माणूस कच्चे काम करत करतच तयार होत असतो, आणि तेच काम आपण त्याच्या हातून काढून घेत असतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका वेगळ्याच सोयीने केले. सेवेबरोबर मालकासाठी एक पटल येते, त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याने ताशी किती ओळी मंजूर केल्या, किती वेळ कामाविना गेला, असे आकडे रंगांत दिसतात. शेठजींनी ते आपल्या टेबलावरील पडद्यावर लावून ठेवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना नवी वस्तू वाटली. काका दर शंकास्पद ओळीसाठी उठून माल पाहायला जात, त्यामुळे त्यांचा आकडा रोज लाल राही. एके दिवशी शेठजींनी सहज विचारले, “काका, आजकाल दमता का?” त्या दिवसापासून काकांनी उठणे बंद केले. ते सेवेने दिलेली ओळ पाहून मंजूर करू लागले, त्यांचा आकडा हिरवा झाला, आणि तीन आठवड्यांनी आम्ही एका दुकानाला मुदत संपायला जेमतेम महिना उरलेली औषधे अकरा महिन्यांची म्हणून पाठवली. दुकानदार जुना होता, माल परत घेऊन प्रकरण मिटले. पण रात्री मी सगळ्या मंजुरींच्या वेळा काढून पाहिल्या. ती ओळ काकांनी दोन सेकंदांत मंजूर केली होती. ज्या माणसाने आयुष्यभर स्ट्रिप तिरपी धरून वाचली त्याला आम्ही दोन सेकंदांवर आणले होते, आणि यात सेवेच्या वाचनातल्या दोषापेक्षा आमचा दोष मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींशी बोलले. माझे वडील बँकेत होते, आणि १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना व इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रीकरणाविषयी जो लेखी करार झाला त्याच्या गोष्टी मी लहानपणी घरात ऐकल्या आहेत. संगणक आले, पण ते येण्यापूर्वी किती येतील आणि कोणत्या कामासाठी येतील याची बोलणी झाली होती, कागद झाला होता. आमची पेढी चौदा माणसांची आहे, येथे संघटना नाही, तरी कागद करायला कोणाची आडकाठी नव्हती. शेठजींनी एक पान मराठीत आणि हिंदीत लिहून सही केली आणि सर्वांना वाचून दाखवले. या सेवेच्या कारणाने दोन वर्षे कोणाची नोकरी जाणार नाही. सेवेची चूक निदर्शनास आणून दिली तर लागलेला वेळ कामातच धरला जाईल. नजरचुकीने सुटलेल्या ओळीची जबाबदारी विभागाची राहील, एकट्या माणसावर टाकली जाणार नाही. आणि वेगाचे पटल बंद राहील. वाचन संपल्यावर काकांनी आपली वही आणून माझ्यापुढे ठेवली. तीत दोन महिन्यांतल्या चुका तारीखवार, बिल नंबरासह लिहिलेल्या होत्या.

त्या वहीच्या बळावर विक्रेत्या कंपनीशी आमचे बोलणे पहिल्यांदा नीट झाले. काकांनी चुका प्रिंटरच्या प्रकारानुसार आणि रकान्यानुसार लावून दिल्या होत्या, त्यामुळे “आमची अचूकता फार चांगली आहे” या त्यांच्या उत्तराला जागा उरली नाही. बॅच, एक्सपायरी आणि स्कीम या तीन रकान्यांत खात्री कमी असेल तर जागा मोकळी सोडावी आणि ओळ पिवळी करावी, अशी सोय त्यांच्याकडे आधीपासून होती. वेग चांगला दिसावा म्हणून ती बंद करून दिली जात होती, असे चर्चेत निघाले. ती सुरू केल्यावर सेवा थोडी संथ झाली आणि कितीतरी अधिक विश्वासार्ह झाली. पिवळी ओळ आली की माल पाहायचा, हा आमचा आता नियम आहे. डॉट मॅट्रिक्सच्या बिलांत दर बिलामागे पाच-सहा पिवळ्या ओळी येतात. दिवसाकाठी वाचणारा वेळ पूर्वीच्या दाव्याइतका नाही, तरी तो आहे, आणि तो परतीच्या दाव्यांवर व उधारीच्या वसुलीवर खर्च करता येतो. ब्रेकेज-एक्सपायरीचे, म्हणजे फुटलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाच्या भरपाईचे, जे दावे पूर्वी वेळेअभावी राहून जात त्यांतले बहुतेक या वर्षी मार्गी लागले.

ग्राहकांच्या माहितीबद्दल दोन शब्द. व्हॉट्सअॅपवर दुकानदार कित्येकदा रुग्णाच्या चिठ्ठीचा फोटोच पाठवतात, त्यावर नाव, वय, आजार सगळे असते. असे फोटो सेवेच्या सर्व्हरवर जात होते हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, आणि कायदा नसता तरी एखाद्याच्या आजाराचा कागद आपल्या ओळखीबाहेरच्या कंपनीकडे जाऊ देणे योग्य नव्हते. आम्ही चिठ्ठ्यांसाठी वेगळा नंबर ठेवला आहे आणि तो सेवेला जोडलेला नाही. करार करताना ही चौकशी आम्ही केली नाही, ती आधीच करायला हवी होती.

मराठीची सोय आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. सेवा मराठी बोलणे चांगले समजते, अगदी काकांचे माळव्यातले हिंदीमिश्रित मराठीसुद्धा. उत्तर देताना मात्र ती “पार्टी लेजर”चे “पक्ष खातेवही” करते, “ब्रेकेज”चे “तुटफूट” आणि “स्कीम”चे “योजना” करते, आणि मग पडद्यावर कोणता रकाना कशाचा हे कळेनासे होते. आमच्या धंद्याचे शब्द इंग्रजी असले तरी आता ते आमचेच झाले आहेत. ते तसेच ठेवण्याची सोय द्यावी असे आम्ही कळवले आहे. सध्या सगळे जण हिंदी पडदाच वापरतात.

ज्यांच्याकडे महिन्याला शेकड्याने बिले येतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक स्वच्छ छपाईची असतात, त्यांनी ही किंवा अशी सेवा जरूर घ्यावी. ज्यांची उलाढाल लहान आहे किंवा ज्यांच्याकडे एकच कारकून आहे त्यांनी घेऊ नये, कारण तपासायला दुसरी नजर नसेल तर पिवळी ओळसुद्धा हिरवी होऊन जाते. घेण्यापूर्वी फुकट चाचणीच्या पंधरवड्यात विक्रेत्याने आणलेली नमुन्याची बिले न वापरता आपली सर्वांत वाईट कार्बन प्रत द्यावी, आणि वाचायला आपला सर्वांत जुना माणूस बसवावा.

आमच्या वर्गणीची मुदत जूनअखेर संपते. नूतनीकरणासाठी आम्ही तीन गोष्टी मागितल्या आहेत: वेगाचे पटल कायमचे काढून टाकणे, करदर बदलला तर जुन्या आणि नव्या विक्रीचा भेद सेवेने स्वतः पाळणे, आणि आम्ही सोडून गेलो तर आमच्या सगळ्या नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळणे. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत. तिसरीवर कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते लेखी आल्याशिवाय शेठजी सही करणार नाहीत.

दरम्यान त्या मुलीच्या प्रश्नाचे आम्ही जमेल तसे उत्तर काढले आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी येणारी पहिली दहा बिले सेवेला दाखवायची नाहीत, ती तिने हाताने लिहायची आणि काकांनी तपासायची. काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. मागच्या गुरुवारी मी गोदामात गेले तेव्हा ती ट्यूबलाइटखाली उभी होती, हातात स्ट्रिप होती, आणि काका तिला सांगत होते, “अगं, अजून थोडी तिरपी कर. हां, आता वाच.”